धर्माजीचे रविवार

माझा भाऊ धर्माजी सफरचंदाचा फ्रेंच टार्ट करतो. हसू नका. आमचं सगळं घिवली गाव आधी हसलं आणि मग खाऊन गप्प बसलं. वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि हा माणूस सकाळी सात वाजता विळी बाजूला सारून सुरीने सफरचंदाच्या अशा पातळ फोडी करतो की पलीकडचं दिसावं.

मी त्याची धाकटी बहीण, जमना. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यामुळे आवाज मोठा आणि तोंड फटकळ, हे आधीच सांगून ठेवते. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही. आम्ही दोघं एकाच घरात राहतो, पण स्वयंपाकघरं दोन. दादाला माझ्या हातची आमटी चालत नाही आणि मला त्याने माझे डबे उघडलेले चालत नाहीत. लोक म्हणतात, म्हातारपणी कशाला दोन चुली? मी म्हणते, म्हणूनच एकत्र आहोत.

दादा बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसला कुक होता. चौऱ्याण्णव साली तिथे लुसियाँ नावाचा एक फ्रेंच साहेब मशीन बसवायला आला आणि दोन वर्षं राहिला. आठवडाभर तो बिचारा वरण-भात, कोंबडी, जे मिळेल ते खायचा. पण रविवार आला की त्याला त्याचं घर आठवायचं. दुपारचं साधं जेवण, वाटीभर सूप, थोडी कोंबडी, पाव, आणि शेवटी टार्ट. टार्ट नसेल तर तो जेवणावरून उठायचा आणि खिडकीत जाऊन उभा राहायचा. दादा सांगतो, "जमने, येवढा सहा फुटी मानूस, न् आईची वाट बघनाऱ्या पोरासारखा बघत बसायचा बाहेर."

मग साहेबानेच त्याला शिकवलं. शेजारी उभा राहून, हातवारे करून. मैद्यात थंड लोणी बोटांनी चुरायचं, पण मळायचं नाही. दादाला हेच जमेना. जन्मभर उकड मळलेला माणूस तो, पिठाला हात लागला की तळव्याचा जोर आपोआप येणार. साहेब "नो, नो" करून त्याचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावायचा. एकदा गेस्ट हाऊसचा फ्रिज बिघडला, तेव्हा दादाने हुशारी केली. गावातून मासळीच्या पेटीतला बर्फ नेला आणि पिठाचं भांडं त्यात ठेवलं. त्या रविवारी टार्टला असा काही बोंबलाचा वास सुटला की साहेबाने एक घास खाल्ला, दादाकडे बघितलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. तेव्हापासून त्यांची गट्टी.

आणखी एक गोष्ट साहेबाने शिकवली. टार्टची पोळी थाळीत बसवली की आधी नुसतीच भाजायची, आणि ती फुगू नये म्हणून तिच्यावर कागद घालून कडधान्याचं वजन ठेवायचं. साहेब राजम्यासारखं काहीतरी म्हणत होता. दादाने मूठमूठ करून वाल घातले. आमच्याकडे कडधान्य म्हणजे वालच. तेच वाल दर रविवारी भट्टीत जायचे, थंड झाले की पुन्हा डब्यात. साहेब गेला, गेस्ट हाऊस सुटलं, दादाने घरी ओव्हन घेतला, पण वाल तेच. तीस वर्षांचे. एका पत्र्याच्या डब्यात.

आता कीर्तीचं सांगते. कीर्ती दादाची एकुलती एक लेक. तिची आई, माझी रखमावहिनी, साहेब यायच्या आदल्या वर्षी काविळीने गेली. पोर दहा वर्षांची. आठवडाभर शाळा असायची, मी असायचे, वेळ जायचा. रविवारी मात्र सगळ्या आळीतले बाप घरात. कुणी वाडीत शिंपणं करतोय, कुणी ओट्यावर पोरांच्या डोक्याला तेल लावतोय, आणि आमचा दादा पहाटे सहाला सायकल काढून बोईसरला. परत यायचा दिवेलागणीला. हँडलला स्टीलचा डबा लटकवलेला, डब्यात टार्टचा एक तुकडा. कीर्ती ओट्यावर बसून असायची. दादा डबा उघडून म्हणायचा, "बघ काय आनलंय." ती तुकडा घ्यायची आणि घरामागे जायची.

दादाला वाटायचं, पोरीला एवढं आवडतं की कुणाला वाटा द्यावा लागू नये म्हणून मागे जाऊन खाते. गावभर सांगायचा, "माझ्या कीर्तीचा जीव हाय टार्टवर." मागे काय होतं? मागे शेजारच्या रत्नाबाईच्या कोंबड्या होत्या. त्या वर्षांत रत्नाबाईच्या कोंबड्यांसारख्या गुबगुबीत कोंबड्या साऱ्या घिवलीत नव्हत्या.

मी पहिल्याच महिन्यात बघितलं. बखोट धरून विचारलं, "अगं कार्टे, अन्न टाकतेस?" तर ती म्हणाली, "मला ते नको." एवढंच. मी दुसऱ्यांची पोरं दटावून सरळ केली, पण हे दादाला सांगायचा मला धीर झाला नाही. दहा-बारा किलोमीटर तो डबा हलू न देता सायकल चालवणाऱ्या माणसाला काय सांगू, की कोंबड्या मजेत आहेत? आज सांगते, उद्या सांगते, करता करता वर्षं गेली. चूक झाली माझी. सरळ कबूल करते.

साहेब परत गेला तरी दादाचे रविवार काही सुटले नाहीत. मला वाटायचं, त्याला त्या ओव्हनची आणि साहेबलोकांच्या शाबासकीची चटक लागली. तोंडावर बोललेही मी त्याला, "घरचं पोर उपाशी आणि गावाला पंगत!" तो नुसता हसायचा. कीर्तीचा साखरपुडाही रविवारी होता. मुहूर्त अकराचा, दादा आला साडेबाराला, हातात परातीएवढा टार्ट. पाहुणे वाट बघून जेवून गेले होते. कीर्ती त्याच्यासाठी थांबली होती. त्याला बघून उठली आणि म्हणाली, "मी जेवले, बाबा." जेवली नव्हती. मला माहीत होतं.

लग्न होऊन पुण्याला गेली, त्यानंतर सोळा वर्षं तिने या घरात घास घेतला नाही. भांडण म्हणावं तर फोन करायची, तब्येत विचारायची, औषधं पाठवायची. पुण्याहून येणार, पाणी पिणार, चहा घेणार, दादा ताट घ्यायला उठला की म्हणणार, "भूक नाही, बाबा." दादा ताट परत फळीवर ठेवायचा. एकदा मी बघितलं, ठेवताना ते पुसत होता. धुतलेलं कोरडं ताट. त्याला आयुष्यात आता एकच हवं होतं. पोरीने त्याच्या घरात, त्याच्या हातचं, पोटभर जेवून जावं. एकदा तरी.

यंदा जानेवारीत बुधवारी तिचा फोन आला. जावई धीरजला मस्कतला नोकरी लागली होती, तीन वर्षांसाठी दोघंही निघाली होती. रविवारी धीरज पालघरला आपल्या आईकडे जाणार, तोवर ही घिवलीला येणार, तीन वाजता तो तिला घ्यायला येणार. आणि मग ती म्हणाली, "बाबा, जेवायला येते. बिरडं करा."

दादाने फोन ठेवला आणि बाजाराची पिशवी शोधत सुटला. मला म्हणाला, "जमने, सफरचंदं आनायला पायजेत."

"अरे, ती बिरडं म्हणाली!"

"बिरडं हायच. पन टार्ट नसला तर कसं? तिचा जीव हाय टार्टवर."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण तीस वर्षं गप्प राहायची सवय अशी एका दिवसात मोडत नाही. म्हटलं, "बरं. तू तुझा टार्ट बघ. बिरडं माझ्याकडे. वाल मी भिजवते." मला खात्री होती की हा सफरचंदांच्या नादात वाल भिजवायचे विसरणार, आणि बिरडं म्हणजे मोडाच्या वालांची उसळ, ती आयत्या वेळी होत नाही. वाल भिजले पाहिजेत, फडक्यात बांधून मोड आले पाहिजेत, मग सोलायचे. दोन दिवस हवेतच.

शुक्रवारी सकाळी दादा बोईसरला सफरचंदं आणायला गेला. मी त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. मासवणच्या ओळखीच्या शेतकऱ्याने, बन्सीने, पाठवलेले नवे वाल दादाकडेच होते, भाताच्या पिकानंतर शेतात होतात ते. फळीवर दिसला डबा, उघडला, वाल होते, घेतले. भिजवले. रात्री फडक्यात बांधले. शनिवारी संध्याकाळी बघते तर एकाला मोड नाही. नीट फुगलेसुद्धा नव्हते. म्हटलं, थंडी आहे, घोंगडीत गुंडाळून ठेवू. रविवारी सकाळी उठून गाठोडं सोडलं. दगडाला पाझर फुटेल, पण त्या वालांना काही मोड फुटला नव्हता.

मी मनात बन्सीचा उद्धार करत होते. कसले किडके वाल पाठवले मेल्याने! तेवढ्यात पलीकडून दादाची हाक आली. त्याचं काम अगदी रंगात होतं. आदल्या दिवशी रत्नाबाईच्या म्हशीच्या लोण्यात मैदा चुरून, गोळा फ्रिजमध्ये ठेवून, सकाळी लाटून थाळीत बसवला होता. फोडी चिरून लिंबाच्या पाण्यात टाकल्या होत्या. साली आणि गाभे साखर घालून एका पातेल्यात रटरटत होते. तो चिकट रस शेवटी वरून लावायचा म्हणजे टार्ट चकाकतो.

"जमने, माज्या डब्यातले वाल कुटं गेले?"

"कुठल्या डब्यातले?"

"ह्या. टार्टवर ठेवायचे."

तेव्हा कुठे मला कळलं, मी कुठले वाल भिजवले ते. पण मास्तरणीची जात, पहिली चूक कबूल करील तर शपथ! मी म्हटलं, "डब्यावर नाव लिहायला काय झालं होतं तुला? सारखाच डबा, सारखेच वाल, माणसाने ओळखायचं कसं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. दादा माझ्या स्वयंपाकघरात आला, फडक्यातले वाल बोटाने चिवडले, एक दाताखाली घेतला.

"जमने," तो म्हणाला, "तीस वर्सं भाजलेल्या वालांना मोड आनायला बसलीस गं तू." आणि जो हसायला लागला! कट्ट्याला धरून हसत होता. मलाही हसू आलं. मग एकदम दोघंही थांबलो, कारण नऊ वाजले होते, कीर्ती साडेअकराला येणार होती आणि घरात बिरडं नव्हतं.

मी म्हटलं, "पिठलं करू. नाहीतर अंड्याची आमटी."

"ती बिरडं म्हनाली."

"मग मी जाते बोईसरला. बाजारात बाया मोड आलेले वाल घेऊन बसतात. तू टार्ट आटप."

दादाने चिरलेल्या फोडींकडे बघितलं. थाळीतल्या पोळीकडे बघितलं. पोळी बाहेर राहिली की लोणी पाघळतं, फोडी राहिल्या की काळवंडतात. तीस वर्षांत चिरलेली सफरचंदं टाकून हा माणूस जागचा हललेला मला आठवत नाही. साखरपुड्यालाही हलला नव्हता. त्याने गॅस बंद केला आणि शर्ट अडकवला.

"तू नको. तू वासाचे, जून कायपन उचलून आनशील. मी जातो."

"आणि टार्ट?"

"ऱ्हाऊंदे," म्हणाला, आणि पायात चपला सरकवून रिक्षा गाठायला निघालासुद्धा. फोन फ्रिजवर विसरला.

साडेदहा झाले, अकरा झाले, दादाचा पत्ता नाही. मी तांदूळ धुतले, नारळ खवला, दहा वेळा रस्त्यावर जाऊन आले. आणि बरोबर साडेअकराला कीर्ती दारात उभी. एक्केचाळीस वर्षांची झाली, कानशिलावर पांढरे केस आलेत, पण चप्पल काढताना आत डोकावून बघायची सवय तीच. दादाच्या खोलीत बघितलं, स्वयंपाकघरात बघितलं. ओट्यावर कच्ची पोळी, पाण्यात सफरचंदं, माणूस नाही.

"बाबा कुठे आहेत?"

"बोईसरला गेलाय. येईलच."

ती हसली. ते हसू मला अजून आठवतं, नको वाटतं. "रविवार आहे ना," ती म्हणाली. "विसरलेच मी."

पर्स खांद्यावरून काढलीच नव्हती तिने. आता ही पाणी मागणार आणि निघणार, हे मला स्वच्छ दिसलं. मग माझ्याने राहवलं नाही. मी तिला खुर्चीत ढकललं आणि सगळं सांगितलं. वाल माझ्यामुळे फसले, तो बिरड्यासाठी गेलाय, मी जाते म्हटलं तर मला जाऊ दिलं नाही.

"हे अर्धवट टाकून?" तिने ओट्याकडे बोट केलं.

"टाकून. ऱ्हाऊंदे म्हणाला."

ती उठून त्या थाळीपाशी जाऊन आली. मग पर्स काढून खुंटीला अडकवली, हात धुतले आणि म्हणाली, "आत्या, पुढे काय करायचं असतं?"

"मला काय विचारतेस? मी जन्मभर नुसतं खाल्लंय. तू तर तेही नाही." ती दचकली. मी म्हटलं, "कोंबड्या मला दिसत नव्हत्या असं वाटलं काय तुला?" आणि मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिने डोळे पुसले, मी दुसरीकडे बघितलं.

जसं आठवलं तसं केलं. कागद घातला, वर बन्सीचे कोरे वाल ओतले, पोळी भाजली. मग कीर्तीने फोडी लावायला घेतल्या. दादा बाहेरून आत एकावर एक अशा गोल ओळी लावतो, हिची ओळ मध्येच फाटली, मग उरलेल्या फोडी तिने कशाही कोंबल्या. वर साखर, लोण्याचे खडे. ओव्हन मी सांभाळला, म्हणजे एक कड करपवली.

साडेबाराला दादा आला. घामाघूम, हातात रुमालाची पुरचुंडी. बोईसरच्या बाजारात वाल संपले होते, कुणीतरी स्टेशनच्या पलीकडे एक म्हातारी बसते म्हणून सांगितलं, ती सापडेपर्यंत एवढा वेळ. दारात कीर्तीला बघून तो जिथल्या तिथे थांबला.

"कवा आलीस?"

"झाला तास."

त्याचा चेहरा असा पडला, तसा मी तो रखमावहिनी गेली तेव्हाच बघितला होता. "आज तरी मी घरात असायला पायजे होतो गं," तो म्हणाला.

कीर्ती पुढे झाली. त्याच्या हातातून पुरचुंडी घेतली, परातीत कोमट पाणी घेतलं आणि खाली बसली. "चला, सोलायला घेऊ. नाहीतर तिन्हीसांजेला जेवू."

वाल सोलणं हे बोलण्यासारखंच काम. चिमटीत दाबला की डाळिंबी बाहेर, साल बोटात. तिघं परातीभोवती बसलो. दादाला ओव्हनचा वास आला, तो बघायला उठला, परत येऊन बसला. "कुनी लावला?"

"मी. वाकडा झालाय."

"चांगला हाय," दादा म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुला आवडतो म्हनून..."

"बाबा," कीर्ती म्हणाली. तिचे हात पाण्यात थांबले. "मला टार्ट नको असायचा. मी कधीच खाल्ला नाही. कोंबड्यांना घालायचे. मला तुम्ही घरी हवे होतात. आई गेली होती आणि रविवारी तुम्ही पण नसायचात."

मी दादाकडे बघितलं. तो सोलत राहिला. एक वाल, दोन वाल, तीन. मग अगदी हळू म्हणाला, "सायेब गेल्यावर मला रविवारची सुट्टी होती."

"काय?"

"सुट्टी होती. पन आपल्याकडं ओव्हन कुटं होता? मला वाटलं, तुला आवडतो, न् आई नाय तर येवढं एक तरी पोरीला मिळावं. म्हनून मॅनेजरला सांगून रविवारी जायाचो. एक तुझ्यासाठी केला की बाकीचे गेस्टलोक खायाचे. साखरपुड्याचा पन तिथंच केला, तुझा म्हनून." तो थांबला. "मी तुझ्याचसाठी जात होतो गं, पोरी."

 इतकी वर्षं मी त्याला गावाला पंगत घालणारा म्हणून टोचून बोलले होते. हा तिच्यासाठी घराबाहेर आणि ती त्याच्यासाठी ओट्यावर, आणि दोघांना सांगू शकत होते ती एकटी मी. मी मान खाली घालून वाल सोलत बसले. दुसरं काय करणार होते?

कीर्ती रडली नाही. तिने ओल्या हाताने दादाचा गुडघा धरला आणि तशीच बसून राहिली. मग दादा म्हणाला, "फोडनी घालायला पायजे," आणि उठला.

बिरडं त्यानेच केलं. हिंग, जिरं, हळद, कांदा. डाळिंब्या मोडू नयेत म्हणून डाव न घालता पातेलंच हलवायचं. ओलं खोबरं, दोन कोकमं, बोटभर गूळ. मी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, दादाने नेहमीप्रमाणे त्यांना नावं ठेवली. अडीच वाजता पानं मांडली. गोड आधी वाढायचं, म्हणून प्रत्येक पानात कोपऱ्यात टार्टचा तुकडा. माझ्या वाट्याला करपलेली कड आली, ती योग्यच होती.

दादा डाव घेऊन उभा राहिला. तो असाच. वाढणारा माणूस, कधी कुणाबरोबर बसला नाही. आम्ही जेवलो की ओट्याशी उभ्याउभ्या पाच मिनिटांत उरकायचा.

"बाबा, बसा."

"तू जेव. मी मागनं."

"तुम्ही बसल्याशिवाय मी घास घेणार नाही," कीर्ती म्हणाली. ते बोलणं थट्टेचं नव्हतं. दादा बसला.

ती जेवली. दोन भाकऱ्या, दोनदा भात, बिरडं मागून घेतलं. टार्टही खाल्ला, आधी कोपरा, मग सगळा. म्हणाली, "बाबा, हा खरंच चांगला लागतो." दादा म्हणाला, "कोंबड्या पन तेच म्हनायच्या," आणि तिला एवढा ठसका लागला की मी पाठ थोपटली. जेवून झालं तरी ती त्याच्याकडे बघत होती. दादा भात कालवताना सगळ्या पानावर पसरत नाही, एका बाजूने थोडा थोडा घेतो, मिरची आधी बाजूला काढून ठेवतो. "तुम्ही कसे जेवता, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. एक्केचाळीस वर्षांची पोर, बापाला जेवताना पहिल्यांदा बघत होती.

तीन वाजून गेले. बाहेर धीरजची गाडी येऊन उभी राहिली, हॉर्न वाजला. कीर्तीने बसूनच आवाज दिला, "थांब रे, बाबांचं व्हायचंय." आमच्याकडे शेवटच्या माणसाचं पान संपल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही. हात वाळवत बसावं लागतं.

मी दादाच्या पानाकडे बघितलं. मूठभर भात उरला होता. तो चार शितं उचलायचा, कालवायचा, परत पसरायचा, परत चार शितं. मान खाली. पाच मिनिटांत जेवण उरकणारा माणूस. पुन्हा हॉर्न वाजला. शाळेत रेंगाळत जेवणाऱ्या पोरांचे मी कान उपटलेत. मी पातेलं जवळ ओढलं आणि काही न बोलता त्याच्या पानात आणखी एक डाव भात वाढला.